बाहेरच्यांविरुद्धच्या निवेदनावर सही करावी का?

राजापूर तालुक्यातील खाडीकाठच्या एका वाडीतून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांची ओळख उघड होणार नाही अशा बेताने त्याचा आशय देतो. वाडीतील निम्म्याहून अधिक घरांना वर्षातील बहुतेक काळ कुलूप असते. वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मुंबई-पुण्याच्या मंडळींनी गेल्या काही वर्षांत जमिनी घेतल्या, चिऱ्याचे गडगे घातले, बोअरवेल मारल्या आणि प्लॉट पाडून विक्रीला काढले. आंब्याच्या बागांत नेपाळी कुटुंबे राखणीला आहेत आणि चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेले मजूर आहेत. आता गावकीने एक निवेदन तयार केले असून तेच येत्या ग्रामसभेत ठराव म्हणून मांडले जाणार आहे. ‘बाहेरून येणाऱ्यांमुळे गावाची लोकसंख्या वाढत आहे, स्थानिक माणूस अल्पसंख्य होईल, म्हणून परप्रांतीयांना जमीन विकू नये, खोली भाड्याने देऊ नये आणि जे आहेत त्यांना गाव सोडायला सांगावे,’ असे त्यात म्हटले आहे. सही न करणाऱ्याच्या दारी शिमग्यात पालखी येणार नाही, असेही काही जण बोलून दाखवत आहेत. भगिनींचे नालासोपाऱ्यात राहणारे दीर गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या निवेदनाचा आग्रह धरतात आणि त्याच वेळी सामाईक जमिनीतील आपला हिस्सा एजंटला देण्याची बोलणी करतात. मुलाच्या मते बांधकामे आली तरच गावात काम मिळेल. यजमानांना भावाशीही वाद नको आणि गावाशीही नको. ‘मी सही करावी की नाही?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

निवेदन आज ज्या स्वरूपात आहे त्या स्वरूपात त्यावर सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र सही नाकारून घरी बसावे, असेही मी सांगणार नाही, कारण ज्या दुःखातून हे निवेदन निघाले आहे ते खरे आहे आणि ग्रामसभेत ते मांडले गेलेच पाहिजे. अडचण अशी आहे की या एका कागदात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत: माणसांची संख्या, जमिनीचे हस्तांतरण आणि कामासाठी आलेली माणसे. या तिन्हींची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. त्या एकत्र केल्यामुळे जमीन गेल्याचा राग, ज्याने एक गुंठाही घेतलेला नाही अशा माणसावर निघतो आहे, आणि जमीन मात्र जात राहणार आहे.

आधी संख्येचे पाहू, कारण निवेदनाचा आरंभच तिथून होतो. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती आणि 2011 मध्ये ती 16,15,069 झाली. म्हणजे त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढत असताना तुमचा जिल्हा जवळजवळ पाच टक्क्यांनी रिकामा झाला. सिंधुदुर्गातही घटच झाली. राज्यात दर चौरस किलोमीटरला 365 माणसे होती, तर रत्नागिरी जिल्ह्यात 197. ही आकडेवारी जुनी झाली आहे हे मान्य, पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 ठरला आहे आणि तेव्हा चित्र काही प्रमाणात बदललेले दिसू शकेल. परंतु तुमच्या वाडीतील बंद दारे कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक स्पष्ट सांगत आहेत. जिथे निम्म्या घरांत चूल पेटत नाही, तिथे लोकसंख्येच्या वाढीची तक्रार नोंदवणे म्हणजे भलत्याच गावाची तक्रार आपल्या नावावर घेणे होय.

ती तक्रार ज्या गावांची आहे तीही कोकणातलीच आहेत. म्हणून तुमच्या गावकीच्या भीतीला मी निराधार म्हणत नाही. त्याच दशकात रायगड जिल्हा सुमारे 19 टक्क्यांनी आणि तेव्हाचा अविभाजित ठाणे जिल्हा सुमारे 36 टक्क्यांनी वाढला. वसई, विरार, पनवेल, उरण या भागांतील भातशेती आणि मिठागरे एका पिढीच्या डोळ्यांदेखत इमारतींखाली गेली, आणि तेथे जे झाले ते महामार्गाने आपल्यापर्यंत येईल असे दापोली-गुहागर-राजापूरच्या माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्या भागांतील लोकांनी आपली लढाई कशासाठी केली हे गावकीने पाहावे. 1984 च्या जानेवारीत उरण तालुक्यातील जासई परिसरात जे पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात मृत्युमुखी पडले, ते नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी उभे होते, आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व पुढे आले. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे जे आंदोलन झाले त्याचा रोख हिरवा पट्टा बांधकामाला खुला करण्यावर, विहिरींचे पाणी टँकरने उपसून नेण्यावर आणि बिल्डरांच्या दहशतीवर होता. या दोन्ही ठिकाणी लोकांनी जमिनीचा प्रश्न जमिनीचा म्हणून आणि पाण्याचा प्रश्न पाण्याचा म्हणूनच मांडला.

आता तुमच्या सड्यावरील जमीन प्रत्यक्षात कोणी घेतली, ते तुमच्याच पत्रावरून पाहा. घेणारे मुंबई-पुण्याचे आहेत, बहुतेक मराठी बोलणारे आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांकडे कुठेतरी शेतकरी असल्याचा सातबारा आहे. महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम 63 नुसार शेतजमीन घेण्यास शेतकरी असणे आवश्यक आहे. शेतकरी नसलेल्यास त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. शेजारच्या कर्नाटकाने 2020 मध्ये अशी बंधने काढून टाकली, आपल्याकडे ती अद्याप आहेत. परंतु ही अट पुण्याच्या बागायतदाराला अडवत नाही, आणि तुमच्या निवेदनातील ‘परप्रांतीय’ हा शब्दही त्याला अडवत नाही. तो ठराव एकमताने मंजूर झाला तरी सड्यावरचा पुढचा व्यवहार दुसऱ्या दिवशी नेहमीसारखाच नोंदला जाईल.

त्या शब्दाने अडवली जाणारी माणसे दुसरीच आहेत. आंब्याला मोहोर येण्याच्या आधीपासून शेवटची पेटी जाईपर्यंत बागेतल्या खोपीत राहून राखण करणारी नेपाळी कुटुंबे, पावसाळी मासेमारी बंदीचे दोन महिने संपले की ऑगस्टमध्ये बंदरात येऊन मच्छीमार नौकांवर खलाशी म्हणून जाणारी माणसे, आणि चिरेखाणीत उन्हातान्हात जांभा काढणारे मजूर. यांच्याविना रत्नागिरीचा हापूस आणि रत्नागिरीची मासळी आज बाजारापर्यंत पोहोचणार नाही, हे कोणताही बागायतदार किंवा नौकामालक खासगीत कबूल करतो. त्याने ते ग्रामसभेत उभे राहूनही सांगितले पाहिजे, असे मला तीव्रतेने वाटते. आपल्या बागेला माणूस हवा आणि गावाला तो नको, ही भूमिका प्रामाणिक नाही. तुम्ही लिहिले आहे की वाडीतील शाळेच्या पटावर जी थोडी मुले उरली आहेत त्यांतील निम्मी या राखणदारांची आहेत. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे भवितव्य अनेक वर्षे टांगणीला आहे. ही मुले काढली तर तुमच्या वाडीतील उरलेल्या मुलांनाही कदाचित पाखाडी उतरून पलीकडच्या गावात जावे लागेल.

कायद्याच्या दृष्टीनेही हा भाग टिकणारा नाही. भारतीय नागरिकाला देशात कुठेही जाण्याचा आणि राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 19 ने दिला आहे, आणि 1950 च्या भारत-नेपाळ मैत्री करारानुसार नेपाळी नागरिकांना येथे राहण्याची आणि काम करण्याची मोकळीक आहे. बागमालकाने आपल्याकडील माणसांची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी, त्यांना पक्के छप्पर, पाणी आणि शौचालय द्यावे, अशी अपेक्षा गावाने जरूर करावी. ती रास्त आहे आणि पाळलीही जाऊ शकते. माणसे हाकलण्याचा अधिकार मात्र ग्रामसभेला नाही.

आणखी एक गोष्ट, जी सांगताना मला कोकणातील प्रत्येक घराची आठवण होते. शंभर वर्षांपूर्वीच्या जनगणनांत मुंबईतील दर पाच माणसांमागे सुमारे एक माणूस रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता, आणि तेव्हाच्या रत्नागिरीत आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भागही येत असे. गिरण्यांतून, गोदीतून, आगबोटींवरून आलेल्या मनिऑर्डरींवर आपल्या वाड्या जगल्या. नंतर हीच माणसे गिरणगाव सोडून वसई-विरारच्या पट्ट्यात गेली, आणि तेथील मूळच्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने तुमचे दीरही बाहेरून आलेलेच आहेत. त्यांना तेथे खोली भाड्याने मिळाली म्हणून त्यांचा संसार उभा राहिला. हे त्यांना टोमणा म्हणून सुनवावे असे मी सुचवत नाही. शांतपणे, त्यांच्या कष्टांचा मान राखून, एकदा बोलावे.

मग गावाचे खरे दुखणे कोणते? जमीन वापरातून जाते आहे आणि हातातूनही जाते आहे, हे. खोतीविरुद्ध, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या वतनदारीविरुद्ध, आपल्या माणसांनी केलेला संघर्ष फार जुना नाही. अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून कित्येक वर्षे जमीन न कसता संप चालवला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि खोती रद्द करणारा कायदा व्हायला पुढे एक तप जावे लागले. त्यानंतर कूळकायद्याने कसणाऱ्याच्या नावावर जमीन आली. ती आली तोपर्यंत घरातील कर्ता मुंबईला गेलेला होता, आणि पुढच्या दोन पिढ्यांत एकेका सातबारावर वीस-वीस, तीस-तीस नावे चढली. वाटप झाले नाही, हद्दी नक्की झाल्या नाहीत, वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, पडीक राहिली. एजंट नेमका येथे शिरतो. तो गावात येत नाही, तो नालासोपारा, दिवा, डोंबिवली येथे जाऊन ज्याला आपली जमीन कुठे आहे हेही धड ठाऊक नाही अशा हिस्सेदाराला गाठतो, कुलमुखत्यारपत्र लिहून घेतो, आणि गावात राहणाऱ्याला ते मोजणीचे लोक आले की कळते.

तोपर्यंत गडगा उभा राहिलेला असतो. गुरांची वाट बंद होते, देवळाकडे जाणारी पाखाडी अडते, सड्यावरचा कातळ सपाट केला की पावसाळ्यात पाणी मुरण्याच्या जागा बुजतात, आणि खाली वाडीत पऱ्याचे, म्हणजे ओढ्याचे, पाणी पूर्वीपेक्षा महिनाभर आधी आटते. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहणारा हा प्रदेश आहे, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही. त्या सड्यावर प्रत्येक प्लॉटला स्वतंत्र बोअरवेल आणि पोहण्याचा तलाव असेल, तर त्याचा हिशेब खालच्या विहिरीतून चुकता होतो. शिवाय तुमच्या तालुक्याच्या सड्यांवर बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ येथे जी कातळशिल्पे आहेत ती 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आहेत. जेसीबी लावण्यापूर्वी कातळ नीट पाहिला जातो का, हाही प्रश्न विचारावा.

म्हणून ग्रामसभेत वेगळा ठराव मांडावा, असा माझा आग्रह आहे. तो कोणाच्या भाषेवर किंवा प्रांतावर नसावा. घेणारा राजापूरचा असो की पुण्याचा, नियम एकच असावा. वहिवाटीच्या सर्व वाटांची आणि पाखाड्यांची नोंद गावाने करून ठेवावी, आणि वाट अडवली गेली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारांकडे जावे. असा अर्ज अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, हे लक्षात ठेवावे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीविना नवी विहीर किंवा बोअरवेल घेता येऊ नये अशी तरतूद भूजल कायद्यात आहे, तिची अंमलबजावणी ग्रामपंचायतीने लेखी मागावी. बिनशेती आणि बांधकामाच्या प्रस्तावांची माहिती ग्रामसभेपुढे ठेवावी, आणि चिरेखाणीच्या परवान्यांचीही. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ यांच्या समितीने 2011 च्या अहवालात असे निर्णय ग्रामसभांच्या चर्चेतून व्हावेत असे सुचवले होते. ते सरकारने तसे स्वीकारले नाही, म्हणून गावाने आपला आवाज आपण होऊन नोंदवणे अधिक गरजेचे झाले आहे.

हे लोकमत नेमके कोणाचे, हेही तपासा. व्हॉट्सॲप ग्रुपवर जो आवाज मोठा आहे तो बहुतांशी मुंबईतून येतो. गावावर त्या मंडळींचे प्रेम आहे यात शंका नाही, पण विहिरीवर रांग लावण्याचे काम त्यांना करावे लागत नाही. ग्रामसभेत मत देण्याचा अधिकार गावच्या मतदार यादीत नाव असलेल्यांचा आहे. 2011 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या, तर राज्यात 929. याचा अर्थ असा की गाव प्रत्यक्षात स्त्रिया चालवतात, आणि जमिनीविषयीचा शब्द मात्र ज्यांची नावे सातबारावर आहेत त्या, दूर राहणाऱ्या पुरुषांचा चालतो. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे. ती सभा सहसा कागदावरच होते. या वेळी ती खरोखर घ्यायला लावा. घरोघर जाऊन बायकांना तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारा: पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरते, कोणती वाट बंद झाली, आणि वाडीत राहणाऱ्या मजुरांपासून तुम्हाला कोणता त्रास झाला. तिसऱ्या प्रश्नाला खरी उत्तरे आली, म्हणजे दारू, भांडणे, उघड्यावरील घाण यांविषयी, तर तीही लपवू नका. त्या त्या मालकाचे नाव घेऊन त्याच्याकडे ती मांडा.

तुमच्या मुलाचे म्हणणे मला अर्धे पटते. तरुणाला गावात काम हवे, आणि बांधकाम, बागेची निगा, पर्यटकांची सोय यांतून ते मिळते. पण विकलेल्या जमिनीवर तो राखणदार होतो आणि राखलेल्या जमिनीवर तो घरगुती निवास-न्याहारीचा व्यवसाय चालवू शकतो, हा फरक त्याला दाखवा. त्याला विकासविरोधी ठरवू नका आणि त्यानेही तुम्हाला तसे म्हणू नये. नाणारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प 2019 मध्ये रद्द झाला, 2023 मध्ये बारसूला माती परीक्षणावरून पुन्हा संघर्ष झाला, आणि या साऱ्यात तुमच्या तालुक्यातील कितीतरी घरांत बाप-लेक एकमेकांशी बोलेनासे झाले. तुमच्या घरात ते होऊ नये.

पालखीच्या धमकीविषयी मी सौम्य शब्द वापरणार नाही. मतभेदासाठी कोणाच्या दारची पालखी अडवणे हा सामाजिक बहिष्कार आहे, आणि महाराष्ट्रात त्याविरुद्ध 2016 चा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. लगेच तक्रार करा असे मी म्हणत नाही. आधी गावातील मानकऱ्यांपैकी जे समंजस असतील त्यांच्याकडे यजमानांना पाठवा आणि हा कायदा आहे एवढे त्यांच्या कानावर घाला. बहुतेक वेळा तेवढ्याने बोलणे थांबते. न थांबल्यास जे बोलले गेले ते तारखेसह लिहून ठेवा आणि पोलीस ठाण्यात किंवा तहसीलदारांकडे जाण्यास कचरू नका.

राहिला दिरांचा हिस्सा, आणि तुमच्या हातात सर्वांत आधी करण्यासारखे हेच आहे. जमीन सासऱ्यांच्या नावावर होती आणि ते मृत्युपत्र न करता वारले असतील, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 22 नुसार एका वारसाने आपला हिस्सा विकायला काढल्यास तो प्रथम घेण्याचा हक्क इतर वर्ग एकच्या वारसांना, म्हणजे तुमच्या यजमानांना आणि नणंदांनाही आहे. हे कलम शेतजमिनीलाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. किमतीवर एकमत झाले नाही तर न्यायालय ती ठरवून देते. नणंदांची नावे वारस म्हणून लागली आहेत का ते पाहा. लागली नसतील तर ती लावा, त्यांचा हक्क डावलून मिळालेली ताकद तुम्हाला नको. सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात कूळकायद्याच्या कलम 43 चा, म्हणजे कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवरील बंधनाचा, शेरा असेल तर विक्रीपूर्वी त्याची पूर्तता आवश्यक असते, आणि एजंट हे बहुधा सांगत नाहीत.

दिरांना पैशांची नड असेल. ती खरी असेल तर तिचा अपमान करू नका. यजमानांनी त्यांना फोनवर न बोलता एक पत्र पाठवावे: हिस्सा विकायचा असल्यास आम्ही घेऊ इच्छितो, रक्कम हप्त्यांनी देऊ, आणि गणपतीला सारे एकत्र येतील तेव्हा वाटपाचे बोलू. ते पत्र नोंदणीसह स्पीड पोस्टाने जावे आणि त्याची प्रत तुमच्याकडे राहावी. त्याआधी तलाठी कार्यालयातून चालू सातबारा, आठ-अ (खातेउतारा) आणि सर्व फेरफारांच्या नकला काढून राजापुरातील दिवाणी कामे पाहणाऱ्या वकिलाला दाखवा, आणि वाटपावर सर्वांचे एकमत झाले तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज लगेच द्या, कारण क्रमांक यायला वेळ लागतो.